बाबांना परत आणायला गेलो त्याची गोष्ट

समोरच्याला पटवण्यात माझा हात कुणी धरणार नाही! शांघायमध्ये मी तीस वर्षं लिफ्ट विकल्या. एका दुमजली घराच्या मालकालासुद्धा विकली, आणि तो अजून मला नववर्षाला फळांची करंडी पाठवतो! तेव्हा स्वतःच्या वडिलांना पटवणं म्हणजे किस झाड की पत्ती!

झालं असं, की आई गेल्यावर मी बाबांना आमच्या गावाहून, झेन्जियांगहून, शांघायला आणलं. सतराव्या मजल्यावर स्वतंत्र खोली दिली. खिडकीत भरपूर ऊन. पण बाबांचं रोज एकच पालुपद.

"ही काय अंघोळ? शॉवरखाली उभं राहणं म्हणजे पावसात सापडणं! आणि हे काय व्हिनेगर? हे तर रागावलेलं पाणी!"

एक दिवस त्यांनी जाहीरच केलं, "नववर्षाच्या आधी मी माझ्या गल्लीत राहायला जाणार. खोली आहे अजून."

ऐंशी उलटलेला माणूस, आणि एकटा राहणार! पण मी घाबरणाऱ्यातला नव्हे. माझी बायको पेइयुन भाजी चिरत होती, तिला मी माझा बेत सांगितला.

"शनिवार-रविवार बाबांना तिकडे नेतो. सुट्टीला लोक नानजिंगला जातात, सुझोउला जातात, यांगझोउला जातात. झेन्जियांगला कोण जातं? जुनं काही उरलंच नसेल! बाबांच्या आवडत्या हमामखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान असेल. बाबा बघतील, एक उसासा सोडतील आणि मुकाट्याने माझ्याबरोबर परत येतील."

"आणि सगळं तसंच असलं तर?"

"असणार कसं?"

"अहो, त्यापेक्षा सरळ सांगा ना त्यांना, की तुम्ही नसलात तर आम्हाला करमणार नाही म्हणून."

"असं कुणी बापाला तोंडावर सांगतं का?" मी म्हणालो. पेइयुनने दुधीचा एक मोठा तुकडा उगाचच जोरात कापला.

तर आम्ही उतरलो झेन्जियांगला. आणि तुम्हाला सांगतो, त्या शहराने माझी लाज काढली! सगळं जागच्या जागी! नाक्यावरचं नूडल्सचं दुकान होतं, उकळत्या पातेल्यात नूडल्सबरोबर सोडतात ते चिमुकलं लाकडी झाकण तसंच तरंगत होतं. दुकानातल्या बाईंनी बाबांना बघितलं मात्र, झारा उगारला.

"कुठं उलथला होता म्हातारबा? तुमची वाटी निवली ना!"

"पोराने पळवून नेलं होतं," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. सगळं दुकान माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघायला लागलं.

मी मान खाली घालून खायला लागलो. आमच्या गावचं काळं व्हिनेगर जिभेला लागलं आणि काय सांगू, मी एकदम दुसरी-तिसरीतला पोरगा झालो! शाळा, पाटी, आईची हाक, सगळं त्या एका वाटीत. मी दुसरी वाटी मागितली. बाबांना गावाचा वीट आणायला आलेला माणूस रस्सासुद्धा पिऊन मोकळा झाला!

"आता हमाम," बाबा म्हणाले. आमच्याकडे म्हणच आहे, सकाळी कातड्यात पाणी, संध्याकाळी पाण्यात कातडं. म्हणजे सकाळी पोटभर चहा आणि संध्याकाळी हमाम. त्यापलीकडे झेन्जियांगच्या माणसाला आयुष्याकडून काही नको असतं.

हमामखानाही होता! मालकाने लांब काठीने आमचे कपडे पार छताजवळच्या खुंटीला टांगले. तोच ओला, उबदार वास आला आणि मी दारातच थबकलो. लहानपणी नववर्षाच्या आधी बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून इथं आणायचे. माझी पाठ टोमॅटोसारखी होईस्तोवर घासायचे, मग बाकावर बसवून मुळ्याच्या गोड फोडी द्यायचे. मी तिथंच झोपायचो. जाग यायची ती घरी, पांघरुणात. त्यांनी मला कसं नेलं ते मला कधी कळलंच नाही.

आज घासायची पाळी माझी होती. पोराने बापाची पाठ घासायची, ही आमच्याकडची रीत.

बाबा पुढे गेले, मी चष्मा काढून ठेवला. चष्म्याविना मला माझा हातसुद्धा अंदाजानेच ओळखावा लागतो, त्यात ती दाट वाफ! चाचपडत आत गेलो. ओट्यावर एक वृद्ध पाठ बसलेली दिसली. मी हाताला पंचा गुंडाळला आणि लागलो घासायला.

पाठ चांगली भरलेली होती! शांघायला बाबांना पेइयुनच्या हातचं जेवण मानवलेलं दिसतं, ही बातमी तिला द्यायचं मी मनाशी ठरवलं.

आणि काय झालं कोण जाणे. वाफ होती, तोंड दिसत नव्हतं, हाताखाली बापाची पाठ होती. माझी जीभ सुटली.

"बाबा, खरं सांगू? हे गाव तुमच्या मनातून उतरावं म्हणून मी तुम्हाला इथं आणलं. चुकलं माझं. गाव आहे चांगलं."

"हं," पाठ म्हणाली. "जरा खाली."

"पण तुम्ही इथं राहिलात तर मी काय करू? पहाटे तुम्ही भांडी आपटता, त्यावर मी चिडतो. पण गेल्या महिन्यात तुम्ही दवाखान्यात होतात ना, तेव्हा त्या शांततेने मला झोप येईना! तुमचा खोकला ऐकू आला की मला वाटतं, अजून मी कुणाचा तरी मुलगा आहे. चला ना परत शांघायला, बाबा. मला तुमची सवय झालीय. सवय नाही, ते... मला तुम्ही हवे आहात."

पाठ हलायला लागली. बाबा रडत होते! माझेही डोळे भरून आले. आयुष्यातली सगळ्यात मोठी लिफ्ट मी विकली होती!

तेवढ्यात पलीकडच्या गरम हौदातून आवाज आला, "माओलिन! त्यांची झाली असेल तर माझी घे!"

तो आवाज बाबांचा होता.

मी त्या पाठीला वळसा घालून पुढे गेलो आणि नाकाला नाक लागेपर्यंत वाकून बघितलं. गोल चेहरा, पांढऱ्या भुवया, ओळख ना पाळख! सगळा हमामखाना पोट धरून हसायला लागला. एक जण तर ओरडला, "अरे, माझीही पाठ रिकामी आहे! मलाही बाबा म्हण!"

"काका, अहो, तुम्ही बोलला का नाहीत?" मी रडकुंडीला आलो.

"मी रुआन," ते डोळे पुसत म्हणाले. "पहिल्याच हाताला कळलं, पोरगा चुकलाय. पण फार दिवसांनी कुणी बाबा म्हणालं रे. तोडवेना." मग जरा थांबून म्हणाले, "माझा मुलगाही शांघायलाच आहे. फोनवर नुसतं 'खोली रिकामी आहे, या' म्हणतो. मला वाटायचं, उपचार म्हणून म्हणतोय. आता वाटतं, त्यालाही तोंडावर बोलता येत नसेल. तोही हे सगळं कुणा भलत्याच पाठीला सांगत असेल."

मी हौदाच्या काठाशी गेलो. वाफेत बाबांचं फक्त डोकं दिसत होतं.

"सगळं ऐकलंत?"

"कान शाबूत आहेत माझे. चांगलं बोललास." त्यांचा आवाज मऊ झाला होता. "पण दुसऱ्याला सांगितलेलं मी कसं घेऊ? मला म्हण. म्हणालास तर येतो."

बस्स, एवढंच! आता तेच वाक्य पुन्हा म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. बाबा वाट बघत होते. हौदातले सगळे म्हातारे वाट बघत होते. तीस वर्षं लिफ्ट विकणारा हा माणूस म्हणाला, "बाबा... पाणी फार गरम आहे, नाही?"

"आहे," बाबा म्हणाले आणि पाठ वळवून बसले. मी ती घासली. हाडं हाताला लागत होती.

रविवारी नूडल्स खाताना पुन्हा प्रयत्न केला. तोंडातून निघालं, "व्हिनेगर द्या जरा." स्टेशनवर बाबा पोचवायला आले. गाडी यायच्या आत मी तिसऱ्यांदा घसा खाकरला, तर त्यांनीच माझ्या गळ्यातला मफलर नीट केला. "येईन रे. तू आधी विचारायला शीक," म्हणाले, आणि खिशात मुळ्याच्या फोडींची पुडी कोंबली. गाडी सुटल्यावर ती मी एकट्याने खाल्ली नाही, शेजारी सोबत होती.

शांघाय स्टेशनच्या दाराशी पेइयुन बाबांचा जाड कोट घेऊन उभी होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"काढलीत ना समजूत?"

"काढली."

तिने कोट उलगडला, माझ्यामागून आपल्या मुलाच्या पत्त्याची चिठ्ठी धरून, बोचकं सावरत येणाऱ्या रुआन काकांकडे बघितलं आणि तिचे हात तसेच राहिले.

"अहो, हे कोण?"

"ज्यांची काढली, ते," मी म्हणालो.