इंजिन मोठं नसतं

इंजिन कधीच मोठं नसतं, गाडी लहान असते. हे एकदा मान्य केलं की संसारातले निम्मे वाद मिटतात. मिशिगनच्या नोरीनने ते लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मान्य केलं होतं.

तिच्या नवऱ्याने, डेलने, १९६९ सालच्या लाल गाडीसाठी एक अजस्र इंजिन आणलं. (गाडीला मूळ इंजिन होतंच. पण ते बसत होतं, त्यामुळे त्यात पुरुषार्थ नव्हता.) नुकत्याच जन्मलेल्या लेकीला, टेसीला, दवाखान्यातून याच गाडीतून घरी आणायचं ठरलं होतं. टेसी आली दिराच्या ट्रकमधून, आणि आता ती पोरगी घरभर धावते. नवा मुहूर्त चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचा: टेसी मागच्या सीटवर, हातात झेंडा. नोरीनला एवढंच हवं होतं. टेसीच्या छोट्या सीटचे पट्टे तिने ओढून पाहिले होते (मग पुन्हा, मनाला चुटपुट नको म्हणून).

सदर इंजिन बसवण्याची कार्यवाही पुढीलप्रमाणे. तेलाची टाकी खालच्या आडव्या दांड्याला लागली, दांडा कापला. बॉनेट मिटेना, त्याला भोक पाडलं. धुराचा पाइप स्टिअरिंगला भिडला. गाडी उजवीकडे वळायची थांबली.

"उजवीकडे वळणारच नाही?" नोरीनने विचारलं.

"मिरवणूक सरळच जाते गं," डेल म्हणाला.

"आणि घरी कशी येणार?"

"डावीकडून," धाकटा दीर व्हर्न म्हणाला. "वहिनी, तू फार पुढचा विचार करतेस."

तरीही इंजिनाला चार बोटं जागा कमी पडली. मग इंजिन आणि चालकाचे पाय यांच्यामधला पत्रा मागे ठोकला. पत्र्याबरोबर पाय मागे सरकले, पायांबरोबर पुढची सीट, आणि पुढच्या सीटने मागचीला गाडीबाहेर काढलं. इंजिन बसलं, बोटात अंगठी बसावी तसं. दोघा भावांचे डोळे भरून आले.

"टेसी कुठे बसणार?"

डेलने गाडीकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"पोरगी जरा मोठी झालीय गं."

मग टेसीसाठी प्रशस्त व्हॅन घेतली. ती गॅरेजमध्ये शिरेना. डेल डोकं खाजवत उभा राहिला. नोरीनने भिंतीला टेप लावून पाहिली आणि त्याच्या हातात घण दिला.

"व्हॅन मोठी नाही," ती शांतपणे म्हणाली. "गॅरेज लहान आहे."

चार जुलैला लाल गाडी सरळ गेली. मागोमाग व्हॅनमध्ये टेसी, पट्टे घट्ट, झेंडा खिडकीबाहेर. येताना मायलेकी उजवीकडे वळून घरी जेवायला पोचल्या. डेल अजून डावीकडून येतोय.

हसा खुशाल. बाल्कनीतून दोर बांधून वर चढवलेल्या सोफ्यावर बसून तुम्ही हे वाचताय, आणि स्वयंपाकघरात जायला अजून अंग तिरकं करूनच चालताय.