विश्वेशची किक बसेपर्यंत

आरवाड्यांच्या विश्वेशने घरच्या कुकरची शिट्टी गाण्यासाठी रेकॉर्ड केली आणि त्या दिवसापासून त्यांच्या कुकरला शिट्टी उरली नाही. गाण्यात घेतलेला आवाज मूळ जागी राहत नाही, गाणं पूर्ण झालं की परत येतो. नियम साधा आहे आणि त्याबद्दल मिरजेच्या आमच्या सोसायटीत कोणाची तक्रार नव्हती. तक्रार विश्वेशबद्दल होती, कारण त्याने आयुष्यात काहीही पूर्ण केलेलं नाही.

तो घरी बसून इलेक्ट्रॉनिक संगीत शिकत होता. शिकत होता म्हणजे व्हिडिओ बघत होता. एका व्हिडिओत सांगितलं म्हणून हेडफोन आले, दुसऱ्यात सांगितलं म्हणून छोटा कीबोर्ड आला, मग भिंतींना काळा स्पंज लागला. गाणं मात्र पंधरा सेकंदांचं होतं आणि तेवढंच गोल गोल फिरायचं. पुढे का सरकत नाही विचारलं, तर म्हणे खोलीत आवाज घुमतो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

लिफ्टचा आवाज गेला, खालच्या फाटकाचा गेला, आम्ही चालवून घेतलं. मग एकदा तो आमची वाटी परत करायला आला, हातातल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालूच. तेवढ्यात माझ्या बायकोने, शैलाने, स्वयंपाकघरातून मला हाक मारली, "अहो, ताट वाढलंय, या."

"काकू, आवाजाला भारी टेक्स्चर आहे," असं म्हणून हा निघून गेला. वाटी ठेवायचंही विसरला.

दुसऱ्या दिवसापासून शैलाला ती हाक येईना. बाकी सगळं बोलता यायचं, भाजीवाल्याशी भांडताही यायचं. पण ताट वाढून ती दारात उभी राहायची, तोंड उघडायची आणि काही नाही. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसायची. जेवण गार व्हायचं त्याचं मला काही नव्हतं. मला ती हाक हवी होती. तिच्याशिवाय दुपार झाली असं वाटायचंच नाही.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. सभा बोलावली. विश्वेश कॉम्प्युटर घेऊन आला, हेडफोन गळ्यात.

"गाणं संपव की बाबा आता," चेअरमन मगदूम म्हणाले.

"काका, किक बसेना अजून."

किक म्हणजे गाण्याच्या तळाशी वाजणारा धप्प असा ठोका. मगदूमांनी रागाने टेबलावर हात आपटला. आवाज आला नाही. तो किकसाठीच गेलेला होता.

"लाव बघू," मगदूम म्हणाले. त्याने लावलं. सभेने गंभीरपणे ऐकलं. किक बसली आहे असा ठराव मी मांडला, सगळ्यांनी हात वर केले. विरोधात एकटा विश्वेश.

"पण हे पंधराच सेकंद आहे ओ."

"तेच पुढे चिकटव," मी म्हणालो.

"कंटाळवाणं होईल, काका."

"मग आत्ता काय होतंय?"

त्याने तोंड वाकडं करून चार मिनिटं भरतील इतकं चिकटवलं आणि शेवटचं बटण दाबलं. इमारतीत एकदम कालवा झाला. आवाज परत आले होते.

पण गाण्यात ज्याचं जे केलं असेल, तसाच आवाज परत येतो. एवढे व्हिडिओ बघून हे याला ठाऊक नव्हतं. आरवाड्यांचा कुकर आता म्हैस हंबरल्यासारखा वाजतो. फाटक आधी आदळल्याचा आवाज करतं, मग उघडल्याचा. मगदूमांनी टेबलावर हात ठेवला तरी भिंत पडल्यासारखं होतं. त्यांची मात्र काही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कान लावून बसलो. शैलाने हाक मारली, "अहो... अहो... अहो..." आणि आवाज विरत गेला.

मी तडक विश्वेशकडे गेलो. "पुढचं कुठंय?"

"ते कट केलं, काका. ठेक्यात बसत नव्हतं."

"मग आण परत."

"डिलीट झालं ओ. तसंही त्याची गरज नव्हती."

गाणं त्याने इंटरनेटवर टाकलं. त्याच्या मावशीने ते निम्मं ऐकलं. आपलं नाव झालं असं त्याला वाटतं आणि त्याने लगेच दुसरं गाणं सुरू केलंय.

शैला रोज हाक मारते. तिसरा 'अहो' विरेपर्यंत मी स्वयंपाकघराच्या दारात पोचतो. मग विश्वेशच्या घराकडची खिडकी लावून घेतो, कडी नीट बसली का ते बघतो आणि हळू आवाजात म्हणतो, "ताट वाढलंय, या." ती मान हलवते आणि आम्ही जेवायला बसतो.