दामलेकाका आणि नीनोचं पिंप

दामलेकाका केक खाण्याआधी त्याचा वास घ्यायचे. आत रम असली तर? चाळीस वर्षांपूर्वी सिडनीला निघताना त्यांनी आईला शब्द दिला होता, दारू तोंडाला लावणार नाही. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा भिंग घेऊन वाचायचे. "शब्द म्हणजे शब्द!" सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या आम्हा मराठी मंडळींच्या प्रत्येक वाढदिवसाला हे ऐकून माझे कान किटले होते.

कोविड आला आणि सॅनिटायझरवर ठळक अक्षरांत अल्कोहोल! मी डिवचलं, "काका, आता हो?"

ते हात चोळत म्हणाले, "शब्द तोंडाचा दिलाय, हातांचा नाही."

आणि अशा माणसाचा जिवलग दोस्त कोण? तर कुंपणापलीकडचा नीनो, घरी वाइन करणारा! दक्षिण इटलीतल्या त्याच्या गावची अल्यानिको द्राक्षं त्याने परसात लावली होती. वाइन दाट, काळीभोर. दर मार्चमध्ये दोघं मिळून द्राक्षं चेचायचे. मग नीनो वाइन प्यायचा आणि काका चहा.

कोविडच्या त्या मार्चमध्ये नीनोने काकांना कुंपणापलीकडेच थांबवलं, एकट्याने द्राक्षं चेचली आणि चौथ्या दिवशी त्यालाच कोविडने हॉस्पिटलात नेलं. त्याचा मुलगा दूर पर्थला, राज्यांच्या सीमा बंद. रस आंबताना पिंपात द्राक्षांची सालं वर येतात, ती दिवसातून दोनदा खाली दाबावी लागतात, नाहीतर सगळं नासतं. काकांनी विडा उचलला. आंघोळ करून, सोवळं नेसून, तोंडाला दोन-दोन मास्क लावून निघायचे. मास्क कोविडसाठी नव्हेत, शिंतोडा ओठांवर उडू नये म्हणून!

"काका, दारूला सोवळं?" मला हसू आवरेना.

"अगं, दुसऱ्याचा जीव अडकलाय त्यात."

नीनो परतला तो निम्मा होऊन. काही महिन्यांनी कुंपणाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून दोघं बसले. मी काकांची औषधं द्यायला गेले होते. नीनोने वाइनचा घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. कोविडने त्याची चव आणि वास दोन्ही नेले होते.

"पाणी लागतंय, मेट. नासली असेल तर मला कळणारही नाही."

काकांपुढे मात्र त्याने पेला केला नाही. कधीच करत नसे.

काका उठले, घरातून चमचा घेऊन आले, नीनोच्या जगमधून चमचाभर ओतून घेतली आणि मास्क खाली केला. काढा घेतल्यासारखं तोंड करून त्यांनी ती गिळली. मग डोळे मिटून सांगू लागले, जांभूळ, मागून कोकम. इंग्रजी शब्द सुचेनात. "आणि शेवटी जीभ आवळते बघ, सुपारीसारखी!"

"आवळते?" नीनो ताठ बसला. "तीच ती! आमच्या गावची अशीच आवळते. नासली नाही!" आणि म्हातारा ढसाढसा रडला.

परतताना मी हळूच विचारलं, "काका, आईला दिलेला शब्द?"

ते चमचा पुसू लागले. "तुझी काकू, सुमन, गेली तेव्हा मला कशाची चव लागत नव्हती गं. हा नीनो रोज कुंपणावरून पास्ता द्यायचा. आधी स्वतः एक घास खायचा आणि म्हणायचा, मीठ बरोबर आहे, खा."