राऊचं फाटक

दर रविवारी सकाळी सातला आमच्या शेजारचे रावजीकाका डोक्यावर होळकरी पगडी चढवून, काकींकडून ओवाळून घेऊन, तळहातावरचं दही चाटून सायकलवर बसत आणि महू जिंकायला निघत. दहाच्या सुमारास हरून परत येत.

हरून येणारा माणूस निदान मान खाली घालून येतो. काका घंटी वाजवत येत. दाराशी टांगलेल्या पाटीवर खडूने ठळक अक्षरात लिहीत: 'महू मोहीम. राऊपर्यंत. फाटक बंद. मुलतवी.' इंदुरात कृष्णपुऱ्याला होळकरांच्या समाधी-छत्र्यांमागची आमची गल्ली ती पाटी वर्तमानपत्रासारखी वाचायची. तीन वर्षं रोज शिळीच बातमी, पण वाचायची.

काका संस्थानच्या पागेत कारकून होते. पणजोबा म्हणे मोठे लढवय्ये होते. काकांच्या वाट्याला घोड्यांची नावं वहीत उतरवण्याचं काम आलं. पुढे संस्थान गेलं, मध्यभारत आला, घोड्यांच्या जागी फायली आल्या. "फाइल लाथ पण नाही मारत, भिया," असं ते फार दुःखाने सांगत. लहान-मोठे, बाई-पुरुष, सगळे त्यांचे भियाच, म्हणजे भाऊच. मीसुद्धा.

इंदूरहून महू काही काशी-रामेश्वर नव्हे. दूधवाले रोज सकाळी इकडे येऊन जेवायला घरी परतत. पण काकांना निम्म्या वाटेवरच्या राऊला रेल्वेचं फाटक हमखास आडवं येई. बंद झालेलं फाटक थोड्या वेळाने उघडतं, ही गोष्ट त्यांच्या तोंडावर सांगायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. शिवाय आमचा त्यात फायदा होता. मोहिमेसाठी काकी डबाभर बेसनाचे लाडू देत, आणि मोहीम मुलतवी झाली की ते लाडू आम्हाला मिळत. काका कधी महूला पोचू नयेत अशी मी मनापासून प्रार्थना करत असे.

त्यांचा एकुलता एक मुलगा अशोक महूच्या छावणीत टायपिस्ट होता. तो कधी घरी येत नसे. का येत नाही, ते विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

त्या वर्षी मी मॅट्रिकला नापास झाले. गणितात. आईने दाराला आतून कडी घातली, जणू माझ्या नापास होण्याची वरातच दारावर येणार होती. आत्याने लगेच देवासचं एक स्थळ काढलं. पुन्हा परीक्षेला बसायचं की बोहल्यावर चढायचं, हे आठ दिवसांत ठरवायचं होतं. फॉर्म भरायची मुदत तेवढीच होती. मी कुठलाच फॉर्म भरणार नाही असं सांगून टाकलं. पुन्हा नापास झाले तर, या भीतीने मी कोपरा धरून बसले होते. त्यापेक्षा देवास परवडलं.

संध्याकाळी कडी वाजली. दारात काका, हातात जिलबीचा पुडा.

"वैनी, तोंड गोड करा. शालू नापास होऊन गेली ना!"

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "भाऊजी, थट्टा सुचते तुम्हाला?"

"थट्टा कशाची? मैदानात उतरली तेव्हा पडली ना? तुम्ही-आम्ही कधी बसलो होतो गणिताला?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रविवारी तयार राहा, भिया. मोहिमेवर चलायचं आहे."

नापास मुलगी गल्लीला दिसण्यापेक्षा राऊला गेलेली बरी, असा विचार करून आईने परवानगी दिली.

रविवारी काकींनी दोघांना ओवाळलं. भाड्याची लेडीज सायकल घेऊन, पदर खोचून मी निघाले. मला सायकल येत होती, पण शाळेच्या मैदानात गोल फिरण्यापुरतीच. छत्र्यांना मुजरा करताना काकांचा तोल गेला नाही, तो बघताना माझा गेला. पुढे भंवरकुव्यापाशी मी दुसऱ्यांदा पडले, तीही चार दूधवाल्यांच्या समोर. गुडघा फुटला.

"शाबास!" काका ओरडले. "पडण्याचं काम निपटलं. आता आरामात चल."

आणि खरंच, त्यानंतर मी आरामात चालवली. ज्याला भीत होते ते सगळ्यांदेखत होऊन गेलं होतं, दूधवाले हसून आपल्या वाटेला लागले होते, आणि गुडघ्याखेरीज कशाचं काही बिघडलं नव्हतं. वारा लागत होता. देवासच्या स्थळाचं नावसुद्धा मला आठवेना.

राऊला पोचलो. फाटक सताड उघडं होतं.

मी जोरात पेडल मारून रूळ ओलांडले आणि मागे पाहिलं. काका अलीकडेच उतरले होते.

"काका, या ना! उघडं आहे!"

"थांब थोडं. आत्ता बंद होऊन जाईल."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तेवढ्यात फाटकवाला बद्रीलाल खोलीतून बाहेर आला आणि अपराधी चेहऱ्याने म्हणाला, "रावजीसाब, आज गाड़ी लेट है. घंटाभर तो फाटक खुला ही रहेगा."

काका मैलाच्या दगडावर बसले. मी सायकल ढकलत परत आले. इतकी वर्षं हा माणूस उघड्या फाटकापाशी ते बंद व्हायची वाट बघत बसत होता!

"अशोक इंटरला नापास झाला होता," काका एकदम म्हणाले. "मी त्याला चौकात उभं केलं. अख्ख्या मोहल्ल्यासमोर बोललो, आमच्या खानदानात हरणारा पैदा नाही होत. तो तसाच चपला घालून निघून गेला." त्यांनी डब्यावरून हात फिरवला. "लाडू त्याला आवडतात. काकी त्याच्यासाठीच देते."

तीन वर्षं मी अशोकचे लाडू खात होते. वर प्रार्थनाही करत होते. मला माझीच लाज वाटली.

"मग चला ना काका."

"त्याने दार नाही उघडलं तर?"

कधी नव्हे तो त्यांचा आवाज लहान झाला होता. हीच भीती घेऊन मी आठवडाभर कोपऱ्यात बसले होते, म्हणून मला लगेच ओळखू आली.

"नाही उघडलं तर पाटीवर लिहू," मी म्हटलं. "'महूपर्यंत. दार बंद.' राऊच्या पुढची बातमी तरी होईल."

काका उठले, पगडी काढून त्यांनी कॅरियरला बांधली. "ही घालून नाही जायचं त्याच्याकडे," म्हणाले. आम्ही रूळ ओलांडले तेव्हा बद्रीलालने आम्हाला हिरवी झेंडी दाखवली.

अशोकच्या दाराला कुलूप होतं. काकांचा चेहरा उजळला. "मुलतवी!" ते म्हणाले. मी गुडघा दुखतो म्हणून पायरीवर बसून घेतलं, तेव्हा नाइलाजाने तेही बसले. थोड्या वेळाने अशोक भाजीची पिशवी घेऊन आला आणि काही अंतरावर थांबला. काका उठले. वाटभर जुळवलेलं सगळं भाषण विसरून त्यांनी डबा पुढे केला.

"अशोक, नापास तर मी झालो रे."

अशोकची नजर माझ्या गुडघ्यावर गेली. "हिला किती लागलंय," तो म्हणाला. "आधी आत या तुम्ही दोघं." कुलूप उघडून त्याने काकांच्या हातातला डबा घेतला.

त्या दिवशी पाटीवर काही लिहिलं गेलं नाही. गल्लीत दिवसभर नुसते तर्क चालले होते.

मी सोमवारी फॉर्म भरला. मॅट्रिक झाले, पण त्याच्याही पुढच्या वर्षी, तिसऱ्या खेपेला. दुसऱ्या खेपेला, लपवायचं कशाला, मी पुन्हा गणितातच गेले. या वेळी आईने कडी घातली नव्हती. संध्याकाळी जिलबीचा पुडा आला, तो अशोकच्या हातात होता. आणि मागून सायकलला कुलूप लावत काका त्याला रागावत होते, "मोठा घे म्हटलं होतं ना, भिया! पोरगी दुसऱ्यांदा नापास झाली आहे!"