बोरसे सरांचे झऱ्यातले जंतू

बोरसे सरांना चहा दिला की ते आधी त्यात रंग बदलणारी कागदाची पट्टी बुडवतात. पट्टीचा रंग बघतात, मान डोलावतात आणि मगच पितात. माझ्या बायकोनं हे एकदा पाहिलं. तेव्हापासून त्यांना आमच्याकडे फक्त पाणी मिळतं. त्यातही ते पट्टी बुडवतात.

सर सूक्ष्मजीवशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आमच्या दारासमोरच्या घरात राहतात. मी पंचवटीत कोथिंबिरीच्या जुड्या विकत विकत दुकानापर्यंत पोचलेला माणूस. आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं, तेव्हा बिल्डरला घाम फोडून मी प्रत्येकाच्या पदरात एक जादा खोली पाडली. सगळ्यांनी सह्या केल्या. सरांनी नाही! वर्ष झालं, हा काटा सलतोय.

कारण विचारलं की सर कपाटातली सीलबंद बाटली दाखवतात. ओमानच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी, एका विद्यार्थ्यानं आणून दिलेलं.

"धुण्याच्या सोड्याइतकं जहाल पाणी, अण्णा. तरी त्यात जंतू राहतात!"

"खातात काय? दगड?"

"जवळजवळ! खाली खडकाची आणि पाण्याची झटापट होते, त्यातून हायड्रोजन सुटतो. त्यावर जगतात. ऊन नको, भाकर नको."

"स्वस्तात पडतं की!"

"कुठलं स्वस्त? पेशीचं चक्र बाहेरून आत शिरणाऱ्या प्रोटॉनवर फिरतं. तिथे बाहेर प्रोटॉनचाच दुष्काळ. मग काही जण सोडियमवर भागवतात."

"आम्ही सुटे नसले की गिऱ्हाइकाला कढीपत्ता देतो, तसं?"

"बरोब्बर! हुशार आहात. सही मात्र करणार नाही. बाटली हलवली की ते बिथरतात."

परवा माझा पारा चढला. "सर, तुमच्या जंतूंना मांडीवर घेऊन मी टेम्पोत बसतो! थोडे दिवस भाड्यानं राहायचं, मग नवं घर. खरी अडचण काय ते बोला!"

सरांनी बाटली कपाटात ठेवली. पाठमोरेच बोलले.

"सगळे पांगतील हो. कुणी सिडकोत, कुणी इगतपुरीला लेकीकडे. ही गेल्यापासून माझं दार दोघंच वाजवतात, दूधवाला आणि तुम्ही. आणि दूधवाला भांडत नाही."

घरी आलो.

सकाळी बिल्डरकडे गेलो. म्हटलं, "भाड्याची दोन घरं पाहिजेत. एकाच मजल्यावर, दाराला दार समोर."

तो खुर्चीत मागे रेलला. "त्याच्या बदल्यात तुम्ही काय सोडता, अण्णा?"

मी म्हणालो, "तुम्हीच सांगा."