अट्रॅक्टाबाई गेरॅटी यांस सकाळचा अर्धा तास कैसा प्राप्त झाला, ते वर्तमान

जो कृपाळू प्रभू कोणासही यादीत तिष्ठत ठेवीत नाही, त्याचे नाम प्रथम घेऊन हे वर्तमान लिहिले जाते. आयर्लंड मुलखी, लायट्रिम प्रांती, नित्यजपनिष्ठ श्रीमती अट्रॅक्टाबाई गेरॅटी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, दोन खोल्या आणि नऊ कोंबड्या यांजवर राज्य करीत होत्या. खाशा अंगणात पडल्या, खुबा मोडला, डॉक्टरांनी जोडला, आणि मग पायांत मोजे चढविणे हे कर्म त्यांचे हातून गेले. कन्या डिम्पनाबाई जवळच आपल्या घरी राहत आणि पहाटेच शाळेच्या स्वयंपाकघरी चाकरीस रवाना होत. सबब मसलत ठरली की सरकारातून घरपोच मदतनीस मागावी, रोज सकाळी एक तास. आणि न मिळाल्यास शहरी वृद्धाश्रमात खाट मुक्रर होती, जेथे जाणे बाईंस मरणाहून जड.

अर्ज गेला, आणि पाहणीस टूही आडनावाच्या नर्सबाई येणार असा खलिता आला. त्या प्रांताचा रिवाज ऐसा की पाहुण्यापुढे दुखणे काढू नये. मग खाशांनी चालण्याची चौकट कोंबड्यांच्या खुराड्यात दडविली, रविवारचा पोशाख केला, आणि ठेवणीतले कप काढून सफरचंदाचा केक मांडला.

"कशा आहात, अट्रॅक्टाबाई?"

"मला काय धाड भरलीय! मी छान आहे. गरजवंत दुसरे आहेत हो. अजून एक तुकडा घ्या."

नर्सबाईंनी दोन तुकडे घेतले आणि दप्तरी लिहिले की सर्व स्वतःचे स्वतः करतात. अर्ज यादीच्या तळाशी गेला.

डिम्पनाबाई संतापल्या. "आई, तिला केक खाऊ घातलास आणि स्वतःला वृद्धाश्रमाच्या दारात नेऊन बसवलंस!"

"अगं, पहिल्यांदा घरी आलेल्या बाईपुढे काय रडगाणं गायचं?"

सात महिने लोटले. राखेचा बुधवार आला, उपवासकाळ लागला, आणि त्या मुलखी प्रत्येकाने चाळीस दिवस काही वर्ज्य करावे ऐसा नेम. खाशा दरसाल साखर सोडीत. कपाळी राख लावून परतताना डिम्पनाबाईंनी हुकूम केला, "यंदा साखर खा. 'मी छान आहे' म्हणणं सोड."

"हे फार जड व्रत आहे गं."

"जड नसेल तर व्रत कसलं?"

बाईंनी छातीवर क्रूसाची खूण करून व्रत घेतले. तिसऱ्या आठवड्यात नर्सबाई फेरपाहणीस आल्या आणि तोच सवाल केला. खाशांनी ओठी आलेले 'मी छान आहे' गिळले. मग मान खाली घालून त्या बोलत्या झाल्या की नोव्हेंबरापासून मी पलंगावर निजले नाही, खुर्चीतच निजते, कारण आडवी झाले तर उठवणार कोण. हे त्या दिवशी रजा काढून शेजारी बसलेल्या डिम्पनाबाईंसही ठाऊक नव्हते. त्या उठून खिडकीशी गेल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. नर्सबाईंनी त्या दिवशी केकास हात लावला नाही.

हुजुरातून फर्मान सुटले की रोज एक तास मंजूर, खजिना तयार. परंतु या तालुक्यात पैका आहे तर माणूस नाही, आणि शेजारच्या तालुक्यात माणसे आहेत तर पैका नाही. सबब मंजूर झालेल्यांची निराळी यादी केली आहे, तीत आपला क्रमांक सत्तेचाळीस, अभिनंदन.

मग ईस्टरच्या सुमारास पलीकडल्या वाडीचे फेस्टस कॉनबॉय देवाघरी गेले, आणि त्यांच्या वाट्याचा मदतीचा अर्धा तास मोकळा झाला. मदतनीस रुटेंडोबाई, मूळच्या झिम्बाब्वेच्या, यांची मोटार ज्या वाटेने जाई त्या वाटेवर सत्तेचाळिसांत एकच घर पडत होते, ते अट्रॅक्टाबाईंचे. सोमवारी त्या आल्या आणि उजवा मोजा हाती घेतला.

"डावा आधी, बाळ."

"माफ करा हं. फेस्टसबाबा उजव्यासाठी भांडायचे."

अट्रॅक्टाबाईंनी डावा पाय मागे घेतला. मग त्यांनी उजवा पाय पुढे केला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी दोन्ही मोजे चढले. वृद्धाश्रमाची खाट त्याच दिवशीच्या टपाली परत केली. तहात सोमवार, बुधवार, शुक्रवार लिहिले. उरल्या चार दिवसांविषयी सरकार मौन आहे, ते दिवस डिम्पनाबाईंनी लढवावे. फत्ते झाली ती अर्ध्या तासाची, आणि तो अर्धा तास कैलासवासी नव्हे, प्रभुचरणी विसावलेल्या फेस्टस कॉनबॉय यांचा होता, हे दप्तरी नमूद केले असे.