पिवळी की पांढरी?

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला. पण भर ऑफिसात, अकरा पुरुषांच्या देखत, एका परक्या माणसाला माझ्या लघवीचा रंग खणखणीत आवाजात सांगितला, तो त्यातला पहिल्या नंबरचा. आणि कहर म्हणजे, आपण काय सांगून बसलोय हे मला पुढे आठवडाभर कळलंसुद्धा नव्हतं.

झालं असं. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते, म्हणजे आताच्या हिशेबाने पोरगीच. लालबागला मार्केटच्या मागे एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात नुकती लागले होते. गिरगावातून बसने यायची, इस्त्रीची साडी, आणि केसांत वेणी. वेणीची मला भारी हौस. त्या दिवशी उशीर झाला म्हणून वेणी घ्यायची राहिली होती आणि हात सारखा मोकळ्या अंबाड्याकडे जात होता. शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट फ्लोरी, खोताच्या वाडीतली, मला म्हणाली होती, "आपला शिपाई धुरी रोज सकाळी दादरला मार्केटात जातो. काय पायजे ते आणून देतो, बघ." तेवढ्यात हा धुरी माझ्यासमोर येऊन उभा. काटकुळा, खाकी शर्ट, खिशाला पेनाऐवजी जाडा काळा मार्कर. माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघत त्याने विचारलं,

"काय बाईनू, पिवळी की पांढरी?"

मी मनात म्हटलं, वा! किती गुणी माणूस. शेवंतीचा रंग विचारतोय.

"पिवळी!" मी म्हटलं.

"रोज?"

"रोजच. फक्त शनिवारी केशरी."

तो एक पाऊल मागे सरला. "केशरी?"

"सासूबाईंना आवडते ना! घरी गेल्यावर अर्धी त्यांना देते."

शनिवारी मी अबोलीची वेणी घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. पण धुरी तडक माठाकडे गेला, तांब्या भरून घेतला, एका दमात घटाघटा रिकामा केला आणि पाठ फिरवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी वेणीची वाट बघत बसले, तर टेबलावर सरबताची जुनी बाटली, पाण्याने भरलेली.

आठवड्याने धुरी आमच्या हेडक्लार्कना तोच प्रश्न विचारताना मी ऐकला. हेडक्लार्कच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. ते फायलीतून मान न काढता म्हणाले, "आज पांढरी रे धुरी, नळाच्या पाण्यासारखी." मी फ्लोरीकडे बघितलं. फ्लोरीने माझ्या कानात खुलासा केला आणि मग टाइपरायटरवर डोकं ठेवून इतकी हसली, की कागदावर अर्धी ओळ नुसती पूर्णविरामांची उमटली.

तो गैरसमज मी कधीच दूर केला नाही. कुठल्या तोंडाने करणार? धुरीच्या लेखी मी शनिवारी केशरी होणारी बाई राहिले, ती राहिलेच.

तर असे हे धुरी. तरुणपणी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आत कापसाची धूळ, उकाडा, आणि अंगावरून घामाच्या धारा. त्यांचा म्हातारा मुकादम पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायचा. जो 'पिवळी' म्हणेल त्याने आधी नळावर जायचं, मग साच्यावर. गिरणी बंद पडली, मुकादम गेला, पण प्रश्न धुरींबरोबर आमच्या ऑफिसात आला. 'नमस्कार' नाही, 'कसे आहात' नाही. ट्रक ड्रायव्हर, कुरिअरवाला, एकदा तर मुंबईबाहेरून आलेले कंपनीचे डायरेक्टर, सगळ्यांना दारातच "पिवळी की पांढरी?" डायरेक्टर गोंधळून म्हणाले, "माझी ग्रे आहे, खाली उभी केलीय."

प्रत्येकाच्या टेबलावर त्यांनी एकेक बाटली ठेवलेली, आणि तिच्यावर मार्करने रेघा मारलेल्या. अकरा, एक, चार, साडेपाच. हल्ली माझी नात लोअर परळच्या ऑफिसात जाते, तिच्या बाटलीवर असेच आकडे छापलेले येतात. भलत्या कौतुकाने दाखवते मला. मी म्हणते, बाई गं, आमचा धुरी हे पंचवीस वर्षांपूर्वी फुकटात करायचा.

दर रेघेच्या वेळेला फेरी. पाणी रेघेच्या वर दिसलं की बाटलीवर टिचकी. "मी चार चहा घेतले की आज," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "च्याक पाणी म्हणूचा नाय." उन्हाळ्यात घरून किटलीभर पेज आणायचे, मीठ घातलेली, कोमट. दुपारी चारला कुणी वड्याची ऑर्डर द्यायला निघालं, की हा माणूस वाटेत काकडीचे काप घेऊन उभा. वडा खायला त्यांची ना नसे. "पण आधी ह्या खावा, मगे वडो." काकडी खाऊन झाल्यावर निम्म्या लोकांची वड्यावरची वासना उडायची. उरलेल्यांबरोबर धुरी स्वतःही वडा खायचे, मिटक्या मारत.

आणि जेवणाच्या सुट्टीत डब्यांची तपासणी. माझ्या डब्यात पोळी, सुका बटाटा आणि दहीभात. धुरींनी एकदा वाकून बघितलं.

"डबो असा की कोरो कागद? हिरवा काय असा ह्यात?"

"बटाट्यात मिरची आहे ना," मी म्हटलं.

त्यांनी गंभीरपणे खिशातून कोथिंबिरीची एक काडी काढली, माझ्या दहीभाताच्या मधोमध खोचली आणि पुढच्या टेबलाकडे वळले. झेंडा लावून किल्ला सर केल्यासारखे.

मी मात्र त्यांना पुरून उरले. ती बाटली मी प्रत्येक फेरीच्या आधी रेघेपर्यंत गुपचूप खिडकीतल्या तुळशीला घालायची. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा पाण्याचा थेंब तोंडात जाऊ द्यायचा नाही, हा माझा नेम, आणि त्याचा मला केवढा अभिमान! उंटिणीने माझ्याकडे शिकवणी लावावी. चार वाजले की डोकं गरगरायचं. एकदा अशाच चारच्या गरगरीत मी ट्रकबरोबरच्या पावतीवर साताऱ्याऐवजी सांगली लिहिलं आणि पाण्याचे बारा पंप सांगलीला जाऊन बसले. धुरी एवढंच म्हणाले, "उपाशी माणूस चिडता, तानेलो माणूस चुकता."

आता हा नेम कशासाठी, ते सांगते. आमच्या ऑफिसात बायकांची मोरी जिन्याच्या वळणावर. गोदामातले हमाल वापरतात म्हणून तिला कुलूप, आणि किल्ली मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर. ती हरवू नये म्हणून साहेबांनी तिला हातभर लाकडी ठोकळा बांधलेला. म्हणजे जायचं असेल तर आधी अकरा पुरुषांच्या टेबलांमधून साहेबांपर्यंत चालायचं, "सर, जरा..." म्हणायचं, आणि तो ठोकळा खटखट वाजवत परत त्याच वाटेने जायचं. मग पुन्हा परत द्यायला यायचं. मिरवणूकच ती. फक्त ताशे नव्हते. त्यापेक्षा पाणीच न पिणं किती सोपं! हे मी कुणाला बोलले नाही. मला वाटायचं मी फार शालीन आहे. नुसती शालीन, दुसरं काय.

मेच्या एका दुपारी कंबरेतून अशी कळ आली, की मी टेबलाची कड धरून खालीच बसले. थंडी भरली, डोळ्यांसमोर अंधार. टॅक्सीत फ्लोरी आणि धुरी. डॉक्टरांनी मुतखडा सांगितला, वर इन्फेक्शन, आणि विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?" मी पदर सावरला. ते म्हणाले, असंच चालवलंत तर किडनी गमवाल. हसत नाही सांगितलं.

बाहेर बाकावर धुरी माझ्यावर भडकले. "बाटली रोज रिकामी दिसता, मगे पाणी गेला खंय?"

"तुळशीला," मी म्हटलं.

"कित्याक?"

मी मान खाली घातली. फ्लोरी मात्र फ्लोरी होती. ती उसळून म्हणाली, "अरे धुरी, तू दिवसभर पाणी पी, पाणी पी करतो. पिऊन जायचं कुठे, ते सांग ना! किल्ली साहेबाच्या टेबलावर. मी पण नाय पीत. मी बाटली बेसिनमध्ये ओतते."

इतकी वर्षं ज्या माणसाने अख्ख्या ऑफिसाची लघवी विचारली, त्याच्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला, की मला स्वतःची कळ विसरून त्यांचीच कणव आली.

मी आठ दिवसांनी कामावर गेले, तर माठाच्या वर भिंतीत नवा खिळा आणि खिळ्याला आमची किल्ली. ठोकळा कापलेला. फ्लोरीने सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं होतं, "धुरी, किल्ली कुठाय?"

"पाण्याकडे, साहेब."

"कुणाला विचारून?"

"जंय पाणी, थंय किल्ली."

धुरी तेव्हा कायम झालेले नव्हते. दर सहा महिन्यांनी त्यांचा कागद साहेबांच्याच सहीने पुढे सरकायचा, आणि घरी शिकणारा मुलगा. साहेबांनी मेमो काढायची धमकी दिली. धुरी म्हणाले, "काढा साहेब. पण आज घराक गेल्यावर तुमच्या बाईमाणसांका एकदा इचारून बघा." साहेबांनी घरी कुणाला काय विचारलं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी ते आले, खिळ्याकडे बघितलं, आणि माठातून ग्लासभर पाणी घेऊन केबिनमध्ये गेले. मेमो काही निघाला नाही. त्या दिवसापासून मी अकराची रेघ अकराला गाठू लागले. तुळस मात्र सुकली बिचारी.

एवढं सगळं आज आठवायचं कारण अँटॉप हिल. धुरी आता तिथे मुलाकडे राहतात, सरकारी क्वार्टरमध्ये. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्यांची सून मानसी हिचा फोन आला. "काकू, बाबांना दोनदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं. पाणीच पीत नाहीत हो. ज्यांनी आम्हाला पाणी पाणी करून पिडलं, ते आता बाटलीला हात लावत नाहीत. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदा असं झालं तर कठीण आहे. तुम्ही सांगून बघा."

मी रविवारी गेले. धुरी पलंगावर, पायाशी वॉकर ठेवलेला. उशाशी बाटली, तिच्यावर मार्करच्या रेघा. काठोकाठ भरलेली. मला बघून चेहरा उजळला, पण नेहमीचा प्रश्न काही आला नाही.

मानसी चहा टाकायला गेली. मी घर बघितलं. पलंगापासून मोरीपर्यंत लांब पॅसेज, दाराशी वीतभर उंबरा. मुलगा नि सून सकाळी आठला जातात, संध्याकाळी सातला येतात. मला एकदम लाकडी ठोकळ्याची खटखट ऐकू आली.

मी हळूच विचारलं, "धुरी, किल्ली कुणाकडे असते?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "शेजारच्या कदमवहिनींकडे. दोन वेळा येऊन बघतत. चांगली बाई असा. पण तिका कसा सांगूचा, बाईनू, माका मोरयेत ने म्हणान?"

त्यांनी मला ओरडायला हवं होतं. ते माझ्यासारखेच मान खाली घालून बसले होते.

मी दुसऱ्या दिवशी परळला गेले. हॉस्पिटलच्या वस्तूंच्या दुकानातून पुरुषांचं ते प्लास्टिकचं भांडं घेतलं, झाकणवालं, आणि पैठणीच्या पिशवीत घालून बसमध्ये मांडीवर ठेवून आणलं. शेजारची बाई विचारत होती, कुणाचं लग्न? संध्याकाळी मानसीने पलंगाजवळ हाताच्या अंतरावर खिळा ठोकला. भांडं त्याच्यावर टांगलं. मुलाने उंबऱ्याशी लाकडी उतार करून भिंतीला धरायला दांडा बसवायचं कबूल केलं. मी बाटली धुरींच्या हातात दिली आणि माझ्या मोडक्या मालवणीत म्हटलं, "जंय पाणी, थंय किल्ली."

धुरींनी बाटली तोंडाला लावली. अकराची रेघ गेली, एकची गेली. मानसी बघतच राहिली.

काल पुन्हा गेले होते. धुरी दांडा धरून दारापर्यंत चालत आले होते, आणि कदमवहिनींना त्यांच्याच दारात उभं करून, पाणी किती पिता, असं खडसावत होते. मी वाटेत दादरला उतरून शेवंतीची वेणी घेतली होती. आता केस असे, की वेणीनेच केसांना आधार द्यायचा, तरी माळली. आत येऊन बसल्यावर मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय धुरी, पिवळी की पांढरी?"

त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. मग त्या सुरकुतलेल्या गालांत काहीतरी हललं आणि ते म्हणाले,

"पांढरी, बाईनू. वेणी मात्र तुमका पिवळीच बरी दिसता. त्या दिवशी तुमी शनिवारची केशरी म्हणालात ना, तेव्हा हसू गिळूक मी अख्खो तांब्यो पाणी प्यालंय."